फ्रेडीचं तिकीट

थिएटरच्या पायऱ्या उतरताना माझे डोळे ओलेच होते. मुलगा खिशात गाडीची किल्ली चाचपत म्हणाला, "आई, फ्रेडीला एड्स झालाय हे त्याला तेव्हा माहीतच नव्हतं. दोन वर्षांनी कळलं."

"कोण म्हणतं?"

"सगळ्या जगाला माहितीये."

त्या सगळ्या जगात मी नव्हते. २०१८चा नोव्हेंबर, पुण्यातला रात्रीचा शो आणि सिनेमा 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'. हे नाव मला अजूनही एका दमात नीट म्हणता येत नाही. क्वीन नावाचा एक बँड होता हे मला मुलाच्या टी-शर्टमुळे ठाऊक. तो टी-शर्ट शेवटी फरशी पुसायला गेला त्याचं दुःख त्याला अजून आहे. दोन थापा आणि एक टाळी हा ठेका मात्र कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्हीही बाकं बडवून धरलेला. तो कुणाचा, कुठून वाईपर्यंत आला, हे विचारायचं कधी सुचलं नाही. आमच्या घरात रेडिओवर भीमसेन, माणिक वर्मा आणि शेतीविषयक कार्यक्रम.

तर अशी मी, त्रेपन्न वर्षांची, नाकावर रुमाल धरून पार्किंगमध्ये उभी. रडू आलं ते शेवटच्या भागात. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, इथिओपियातल्या दुष्काळासाठी भरवलेला 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम, समोर सत्तर हजारांवर माणसं आणि पांढऱ्या बनियनमधला क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी. सिनेमा असं दाखवतो की त्याच्या थोडंच आधी डॉक्टरांनी त्याला निदान सांगितलंय, त्याने ते बँडमधल्या मित्रांना सांगितलंय आणि वरती म्हटलंय की मला तुमची कीव नको. त्यानंतर तो माणूस पियानोवर बसतो. आता तो काहीही गायला असता तरी मी रडलेच असते. मरण कळलेला माणूस 'आम्ही जिंकलो' असं गातोय म्हटल्यावर गाण्याचे शब्द ऐकायला लागतच नाहीत.

आणि हे सगळं मागेपुढे केलेलं! चहाच्या टपरीवर मुलाने यादीच वाचायला घेतली. निदान १९८७च्या सुमाराचं. बँड फुटला, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलणं बंद होतं आणि लाइव्ह एडसाठी सगळे पुन्हा एकत्र आले, असं काही झालंच नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत ते जपानात एकत्र दौरा करत होते. फ्रेडीने एकट्याने रेकॉर्ड काढायचा करार केला म्हणून सिनेमात बाकीचे तिघं दुखावतात, पण ड्रमवाल्या रॉजर टेलरने स्वतःची एकट्याची रेकॉर्ड १९८१मध्येच काढलेली. तो थापा-टाळीचा ठेका १९७७चा, तेव्हा फ्रेडीला मिशीसुद्धा नव्हती. सिनेमात मिशीसकट आहे. सिनेमाच्या नावाचंच ते गाणं सहा मिनिटांचं आहे, रेडिओवर कोण लावणार, असं म्हणून क्वीनला हाकलणारा तो जाडजूड साहेब? तो माणूसच अस्तित्वात नव्हता. फ्रेडीचा जोडीदार जिम हटन पार्टीत वेटर म्हणून भेटत नाही, तो केस कापायचा.

"मग मी रडले कशासाठी?" मी जरा चिडूनच विचारलं.

"गाण्यासाठी," तो म्हणाला, आणि दुसरा चहा सांगितला.

त्याचं हे उत्तर मला पटलं नाही. गाणी तर त्या टी-शर्टच्या काळात आमच्या घरात रोज वाजत होती आणि मी "आवाज कमी कर" एवढंच म्हणत होते.

त्या आठवड्यात मी पुष्कळ वाचलं. निवृत्त व्हायच्या बेतात असलेल्या बाईला रात्री वेळ बराच असतो. समीक्षकांनी सिनेमाला जेमतेम पास केलं होतं. फ्रेडी झालेल्या रामी मालेक या नटाचं सगळ्यांनी कौतुक केलेलं, पण सिनेमा म्हणजे धुऊन इस्त्री केलेलं चरित्र, असा एकूण सूर. त्याच वेळी लोक रांगा लावत होते. सुमारे सव्वापाच कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने जगभरात नव्वद कोटी डॉलरच्या वर धंदा केला. त्याआधी संगीतकारांवरच्या सिनेमांत सर्वांत जास्त कमाई 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'ची, ती वीस कोटींच्या आसपास. म्हणजे जुना विक्रम मोडला असं म्हणणंही कमीच, तो कुठल्या कुठे मागे पडला. पुढे फेब्रुवारीत चार ऑस्करही मिळाले, त्या रात्री सगळ्यांत जास्त यालाच. त्यातलं एक संकलनाचं. त्यावर इंटरनेटवर भरपूर हसून झालं, कारण मॅनेजरला भेटण्याच्या एका प्रसंगात कॅमेरा कुणाच्याही तोंडावर दोन सेकंद टिकत नाही. पुढे संकलकाने स्वतःच तो प्रसंग आपल्याला खटकतो हे मान्य केलं. मला हा माणूस आवडला.

हा सिनेमा पूर्ण झाला हेच मुळात नवल. आधी साशा बॅरन कोहेन फ्रेडी होणार होता, तो मतभेदांमुळे २०१३मध्ये बाहेर पडला. चित्रीकरण संपत आलेलं असताना डिसेंबर २०१७मध्ये दिग्दर्शक ब्रायन सिंगरला काढून टाकलं. उरलेलं काम डेक्स्टर फ्लेचरने केलं, पण नाव सिंगरचंच राहिलं. ऑस्करच्या तोंडावर त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप छापून आले, त्याने ते नाकारले, आणि बक्षिसं घ्यायला जाणाऱ्यांनी व्यासपीठावर त्याचं नाव घेणं टाळलं. लग्नात सगळे फोटोत आणि नवऱ्याचा बापच गायब, असा तो प्रकार.

त्या वाचनात सगळ्यांत जास्त अडकले ती एका साध्या गोष्टीत. गायकावर सिनेमा काढायचा तर गाणी हवीत आणि गाणी हयात असलेल्यांच्या ताब्यात. क्वीनमधले ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे दोघं या सिनेमाच्या संगीताचे कर्तेधर्ते होते. (चौथा, जॉन डीकन, १९९७पासून सगळ्यातून निवृत्त. तोच शहाणा की काय असं मला कधीकधी वाटतं.) पेटीच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या पट्टीत गावं लागतं. म्हणून सिनेमात बँडमधले तिघं मित्र जरा जास्तच समंजस, वेळेवर घरी जाणारे, बायकामुलांचे. आणि फ्रेडीची वाट चुकवणारा एक ठरलेला खलपुरुष, त्याचा मॅनेजर पॉल प्रेंटर. तोही १९९१मध्ये एड्सनेच गेला. त्याची बाजू मांडायला कोण येणार?

पुढच्या वर्षी त्याच डेक्स्टर फ्लेचरने एल्टन जॉनवर 'रॉकेटमॅन' काढला. मुलाने तोही दाखवला, घरी लॅपटॉपवर. त्यात दारू, गोळ्या, पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम, आईबापांचा कोरडेपणा, सगळं उघडं. नट स्वतः गातो. प्रसंग इतके उघडपणे स्वप्नातल्यासारखे केलेत की तारखा तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही. मला तो जास्त प्रामाणिक वाटला. त्याने वीस कोटी डॉलरसुद्धा गाठले नाहीत. अमेरिकेत त्याला मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र होतं, फ्रेडीच्या सिनेमाला मुलांना घेऊन जाता येत होतं, हे एक कारण सांगतात. असेल. पण 'रॉकेटमॅन' बघून मला रडू आलं नाही. मी खिचडी टाकायला मध्येच उठलेसुद्धा.

मग मी पुन्हा एकदा, एकटीच, दुपारच्या शोला गेले. घरी सांगितलं नाही. या वेळी मी रडायचं नाही असं ठरवून, दाणे घेऊन बसले. आता मला माहीत होतं की मालेकच्या तोंडात खोटे दात आहेत. फ्रेडीला जन्मतःच चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे बाहेर आलेले. आवाज मालेकचा नाहीच जवळजवळ, बहुतेक फ्रेडीचा स्वतःचा, आणि जिथे जुनं रेकॉर्डिंग पुरत नाही तिथे मार्क मार्टेल नावाच्या कॅनडातल्या गायकाचा. वेम्ब्लीही खोटं. लंडनबाहेरच्या एका जुन्या विमानतळावर तो मंच हुबेहूब उभा केलेला, पियानोवरच्या पेप्सीच्या पेल्यांसकट. आणि कमाल म्हणजे चित्रीकरणाची सुरुवातच त्या प्रसंगाने झाली. मालेकने फ्रेडीचा शेवट आधी केला आणि आयुष्य नंतर. खऱ्या कार्यक्रमातली सहा गाणी, त्यातली सिनेमात चार. सगळं माहीत. दाणे हातात. तरी तो हात वर करून लोकांना "एऽऽओ" म्हणायला लावतो तिथे माझ्या घशात आवंढा आलाच. शेजारी एक कॉलेजची मुलगी चक्क ओरडत होती. तिच्या पलीकडचे गृहस्थ माझ्याच वयाचे, तेही ओठ हलवत होते.

तिथे मला मुलाच्या उत्तरातलं अर्धं पटलं. गाण्यासाठी नव्हे, गाणं सगळ्यांबरोबर ऐकण्यासाठी. जपानात या सिनेमाचे खास शो लागले, त्यात उभं राहून ओरडायला, टाळ्या वाजवायला, गायला मुभा. तिथे तो २०१८मधला सर्वांत जास्त चाललेला सिनेमा ठरला. एकेक जण पुन्हा पुन्हा जात होता. जपानचं एक वेळ समजू शकतं, १९७५मध्ये क्वीन टोकियोला उतरले तेव्हा विमानतळावर पोरींनी गोंधळ घातलेला. पण दक्षिण कोरिया? पाच कोटींच्या देशात जवळजवळ एक कोटी तिकिटं खपली. आणि फ्रेडी असताना क्वीनचा कार्यक्रम तिथे एकदाही झालेला नव्हता. ज्यांना ती मैफल कधीच मिळाली नाही, ते ती तिकीट काढून भरून घेत होते. त्यांना चरित्र कुणी विकलंच नव्हतं, विकली होती ती जागा, वेम्ब्लीतली, तेहतीस वर्षं उशिरा.

समीक्षक बिचारे चरित्र तपासत बसले.

आपल्याकडे हे नवीन नाही. २०११मध्ये 'बालगंधर्व' आला तेव्हा माझी सासू व्हीलचेअरवरून गेली होती. पडद्यावर शालू सुबोध भावेचा, गळा आनंद भाटेंचा. दोन माणसं मिळून एक गंधर्व. सासूबाईंना त्याने काही फरक पडला नाही, त्या प्रत्येक पदाच्या आधी मला कोपर मारून "आता बघ हं" म्हणत होत्या. आणि मजा बघा, तारखांचं म्हणाल तर तिथे पटकथाकाराला काही सरकवावंच लागत नाही. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि ते तरीही भामिनी होऊन उभे राहिले. हे कुणी कल्पनेने लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा अतीच होतंय. फ्रेडीच्या आयुष्याने तेवढी सोय केली नाही, म्हणून त्याचं मरण दोन वर्षं आधी ओढून आणलं. मला या गोष्टीचा राग यायला हवा, खरं म्हणजे. त्याने आजार शेवटपर्यंत जगापासून लपवून ठेवला होता. २३ नोव्हेंबर १९९१ला जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी गेला. जे त्याने एवढं जपलं, ते सिनेमाने त्याच्याकडून सहा वर्षं आधी सांगून घेतलं, तेही आम्हाला रडवायला. राग येतो. थिएटरमध्ये येत नाही, घरी आल्यावर येतो.

पण माझा खरा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. टपरीवरच्या त्या रात्री मुलगा शेवटी म्हणाला होता, "आणि आई, तो पाचगणीला शिकलाय."

"कोण?"

"फ्रेडी. सेंट पीटर्सला."

मी वाईची. पाचगणी म्हणजे आमच्या डोक्यावर, पसरणीचा घाट चढला की टेबललँड. १९४६मध्ये झांझिबारला, पारशी घरात जन्मलेला फारोख बलसारा आठव्या वर्षी समुद्र ओलांडून तिथे वसतिगृहात आला. फ्रेडी हे नाव त्याला तिथेच पडलं. पियानो तिथे शिकला, शाळेतल्या पोरांचा 'हेक्टिक्स' नावाचा बँड तिथेच केला. एवढी वर्षं माझ्या माहेरच्या डोंगरावर. आणि नव्वद कोटींच्या त्या सिनेमात पाचगणीचा एक दगड दिसत नाही. बाप 'चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कृती' हा पारशी धर्माचा मंत्र ऐकवतो, त्या सगळ्या बालपणाची पोच ती अशा एवढ्यातेवढ्या बोलण्यातच. लाइव्ह एडची झलक दाखवून झाली की गोष्ट सुरू होते ती लंडनच्या विमानतळावर, दुसऱ्यांच्या बॅगा उचलणाऱ्या फ्रेडीपासून. कुणीतरी त्याला 'पाकी' म्हणतं, तो म्हणतो मी पाकिस्तानचा नाही. कुठला, ते विचारत कुणी नाही.

आमचे वडील, दादा, एसटीत कंडक्टर होते. १९५८ला लागले आणि पुढे बरीच वर्षं वाई-महाबळेश्वर केलं. हिशेब करा. मी केला, मुलाने माझ्या आधी केला. त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही वाईला गेलो तेव्हा त्याने लॅपटॉप आजोबांच्या मांडीवरच ठेवला आणि खरा लाइव्ह एड लावला, यूट्यूबवरचा. दादा तेव्हा त्र्याऐंशीचे. त्यांनी पूर्ण वीस मिनिटं पाहिलं, मध्ये एकदा चष्मा पुसला.

"दमला आसंल," शेवटी म्हणाले. "पाणी तरी द्या म्हणावं."

"आजोबा, हा पाचगणीला होता. पारशी पोरगा. तुमच्या गाडीतनं गेला असणार."

"आसंल बी. लय पोरं आसायची. जूनला शाळा उघडली का टपावर निस्त्या ट्रंकाच ट्रंका. मी अन् हमाल चढवायचो."

"हा आठवतो का? नीट बघा."

"आरं, कोण वळखतंय? समदी सारखीच दिसायची, बूट घातल्याली. घाटात निम्मी पोरं वकायची, त्येवढं ध्यानात हाय. मी राखुंडी ठेवायचो संगं, त्येच्यावर टाकाया."

मुलगा हिरमुसला. मला मात्र त्या राखुंडीचं फार कौतुक वाटलं. पोरांच्या ट्रंका वर चढवणारे माझे वडील आणि विमानतळावर बॅगा उतरवणारा तो, या दोघांची गाठ पडली असेल किंवा नसेल. त्या शाळेची पोरं एसटीनेच जात होती की शाळेची स्वतःची गाडी होती, हेही मी कुणाला विचारलं नाही. मुद्दामच. पाचगणीत शाळा काय कमी आहेत?

पण गोष्ट घराबाहेर पडली. आधी मुलाने मित्रांना सांगितलं, "आजोबांच्या गाडीतनं गेला असू शकतो." भाच्याने ते "गेला होता" केलं. माझ्या बहिणीने कॉलनीत सांगितलं तोवर दादांनी त्याचं तिकीट फाडलेलं होतं. एका चुलत दिराने तर फोन करून विचारलं, ते तिकीट जपून ठेवलंय का. मी आधी दुरुस्ती करत होते. मग कंटाळले. आणि खरं सांगायचं तर, समोरच्याचा चेहरा असा उजळायचा की ती दुरुस्ती ऐकवणं जिवावर यायचं. एसटीच्या निवृत्त कंडक्टरला पहिल्यांदाच लोक येऊन काहीतरी विचारत होते.

२०१९च्या मे महिन्यात पुतणीचं लग्न होतं. जेवणं आटोपून मांडवात पंख्याखाली मंडळी पडलेली, दादा खुर्चीत, भोवती पाच-सहा पोरं मोबाइल बाजूला ठेवून. मी ताक घेऊन तिकडे गेले तेव्हा ते सांगत होते.

"...पुढचे दात हे आसे भायेर. मी म्हनलं, बाळा, खिडकीतनं डोकं काढू नगंस, वळणावर ट्रक येतोय."

मुलाने माझ्याकडे बघितलं. दात दादांनी यूट्यूबवर बघितले होते, माझ्यासमोर. मी ताकाचा पेला त्यांच्या हातात दिला.

"मग आजोबा, गाडीत गायला का तो?" एका पोरीने विचारलं.

दादांनी ताकाचा घोट घेतला, मिशी पुसली आणि जरा वेळ घाट आठवल्यासारखं केलं.

"गातोय कुटला," म्हणाले. "वकत हुता. मीच राखुंडी टाकली."